बांगडीनं काढलेला गुरू

माझ्या हाताला दोन्ही बाजू सारख्या करायची खोड आहे. लग्नानंतर डोंबिवलीत राहिले त्या सगळ्या वर्षांत पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी रस्त्यावर रांगोळ्या घालणाऱ्या बायकांमध्ये मी असायचेच. उजवीकडे मोर काढला की डावीकडे मोर आलाच. एका कोपऱ्यात कमळ आणि दुसरा कोपरा मोकळा ठेवून मी उठले असते तर मला घरी जेवण गेलं नसतं. टेबलावर एका बाजूला लोणच्याची बरणी ठेवली तर मी दुसऱ्या बाजूला चटणीची ठेवते, असं आमचे हे म्हणतात, आणि ते खरं आहे.

त्यामुळे दुर्बिणीतून बघून मी गुरूचं पहिलं चित्र काढलं, तेव्हा ते मला फारच सुबक वाटलं. मधोमध गोल, गोलावर दोन आडवे पट्टे, डावीकडे दोन चंद्र, उजवीकडे दोन चंद्र. गोल नेमका यावा म्हणून हातातली काचेची बांगडी कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली होती. चित्राचा फोटो काढून दादाकडे पाठवला. तिकडे वहिनींनी तो बघून त्याला सांगितलं असणार, कारण थोड्याच वेळात त्याचा फोन आला.

"गोल कशानं काढलास?"

"बांगडीनं."

"रिजेक्ट," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ठाण्यातल्या एका कारखान्यात तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तू हातात घ्यायच्या, मोजायच्या, आणि एखादी केसभर जरी कमीजास्त निघाली तरी ती बाजूला सारायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. नोकरी संपली पण सवय सुटली नाही. वहिनींच्या पोळ्यांपासून नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांपर्यंत सगळं त्याच्या तपासणीतून जातं. वहिनी म्हणतात, लग्नाच्या वेळी आपण कशा पास झालो ते त्यांना अजून कळलेलं नाही.

आम्ही दोघं ठाण्यातच वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलो, दादा अजून तिथेच राहतो. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं घातली की दादा मला आकाश दाखवायचा. एका ठळक ठिपक्याकडे बोट करून त्यानं सांगितलेलं, तो गुरू, त्याला चंद्र आहेत, त्यातले चार दुर्बिणीतून दिसतात. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, पुस्तकात आहे. आणि मग म्हणाला, म्हणजे तपासायचं बाकी आहे. दुर्बीण आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हती. ते तपासायचं बाकी राहिलं ते तो निवृत्त होईपर्यंत.

निवृत्तीनंतर त्यानं पहिली वस्तू घेतली ती दुर्बीण. हाताएवढ्या लांबीची नळी, तीन पायांचा स्टँड, डोळा लावायची दोन भिंगं. एक हिवाळाभर तो रोज संध्याकाळी गच्चीवर जायचा आणि खाली येऊन वहिनींना सांगायचा, चार आहेत, बरोबर आहे. पुढच्या हिवाळ्याच्या आत त्याचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही गेले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो, तो आजार. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. मी समोर उभी राहिले तर त्याला माझे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. म्हणून हल्ली त्याच्याकडे जाताना मी कुड्या जरा बऱ्या घालते.

डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते असंच राहील. त्या संध्याकाळी दादा एकटाच गच्चीवर गेला आणि त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. काय झालं ते त्यानं वहिनींना एका वाक्यात सांगितलं: जिथे बघतो तिथे गुरू नाही. पुढच्या रविवारी तो दुर्बीण घेऊन आमच्याकडे टिटवाळ्याला हजर. डोंबिवलीतली जागा सोडून आम्ही इथे तळमजल्यावर आलोय, मागे थोडी मोकळी जागा आहे, कढीपत्ता, जास्वंद, कपड्यांच्या दोऱ्या, सिमेंटचा एक लांबट ओटा. दादानं दुर्बीण ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुझ्याकडे अंगण आहे आणि तुला चित्र येतं. तू बघ आणि मला काढून दाखव."

"आणि तू?"

"माझं बघून झालं."

हे तो इतक्या सहज म्हणाला की मला आतून तुटल्यासारखं झालं. ज्या माणसानं एक हिवाळा सोडून सगळं आयुष्य वाट बघितली, त्याचं काय बघून झालं? मी त्याच वेळी मनाशी ठरवलं की चित्र वगैरे ठीक आहे, पण या माणसाला एकदा तरी पुन्हा त्या नळीशी बसवायचा. तसं मी त्याला दोनतीनदा म्हटलंही. त्यानं दर वेळी विषय बदलला, आणि तिसऱ्या वेळी जरा रागावला. मग मी बोलायचं थांबवलं आणि चित्रं काढायला लागले.

बांगडीचं चित्र रिजेक्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच फोन केला.

"अरे, बांगडीत खोट काय?"

"बांगडीत नाही. गुरू गोल नाहीये. तो स्वतःभोवती इतका जोरात फिरतो की मधून फुगलाय. वर-खाली दबलेला दिसायला पाहिजे. तू गुरू बघितलास की बांगडी बघितलीस?"

त्या संध्याकाळी मी डोळा लावून नुसती बघत बसले. खरंच की. लाडू वळून ताटात ठेवला की थोडा बसतो, तेवढाच तो दबलेला होता. आदल्या दिवशीही तसाच असणार, पण मला गोल माहीत होता, म्हणून गोल दिसला. मग बांगडी हातात राहिली आणि मी हातानं काढायला लागले. बल्बवर लाल जिलेटिनचा कागद लावलेली बॅटरी हे धरायचे, कारण पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात. दुसऱ्या हातात त्यांची डास मारायची रॅकेट. मी मोठ्या कष्टानं अंधाराला डोळे सरावून घ्यायचे आणि एखादा पट्टा दिसतोय न दिसतोय तोच रॅकेटवर चट्ट करून ठिणगी उडायची. आमच्या संसारात भांडणाची कारणं कमी होती, त्यात ही एक भर पडली.

रोज संध्याकाळी दादाचा फोन ठरलेला. "आज कुठे कुठे?" गुरूचे चंद्र त्याच्याभोवती फिरत असतात, त्यामुळे ते रोज नव्या जागी असतात, कधी एका बाजूला जास्त, कधी एखादा गुरूच्या मागे लपलेला. मी सांगायचे, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. दुसऱ्या दिवशी, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पण जरा लांब. असं आठवडाभर झाल्यावर दादा म्हणाला, "तुझ्याकडे रोज दोन-दोनच कसे गं?"

"तसेच दिसतात."

"काढतेस कधी?"

"आत येऊन. टेबलावर."

"उद्या बाहेर काढ. नळीला डोळा लावल्या लावल्या. आणि आधी चंद्र मांड, गुरू नंतर."

"आधी चंद्र?"

"अगं, रांगोळीत आधी काय काढतेस?"

आधी ठिपके. हे मला माझ्याच भावानं शिकवावं! दुसऱ्या दिवशी बाहेर बसून आधी ठिपके मांडले, तर तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. मी तीनदा डोळा लावून बघितलं. तीन आणि एकच. मग लक्षात आलं की आत येईपर्यंत माझा हात गुपचूप एक चंद्र उचलून पलीकडे ठेवत होता. आठवडाभर मी गुरूभोवती तोरण बांधलेलं. फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडून वहिनींचं हसणं मला आधी ऐकू आलं, मग दादाचं. तो इतका हसलेला मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

मार्चमध्ये गुरू संध्याकाळी इतका डोक्यावर यायचा की नळी स्टँडच्या पायाला अडायची आणि मला ओट्यावर चक्क आडवं व्हावं लागायचं. समोरच्या नव्या इमारतीतल्या एका बाईंनी गॅलरीतून विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?" मी त्यांनाही बोलावून गुरू दाखवला. त्या म्हणाल्या, एवढासाच? मग बराच वेळ उठल्या नाहीत.

एप्रिलपर्यंत माझी चित्रं बरी व्हायला लागली आणि तेव्हाच एक गोष्ट मला नीट कळली. दादाला ती दिसतच नव्हती. मी वर्तकनगरला जाऊन कागद त्याच्या हातात दिला. तो मान तिरकी करून, कागद कानाच्या बाजूला धरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. पांढऱ्या कागदावरची पेन्सिल त्याला धुक्यासारखी लागत होती. "चांगलं असणार," तो म्हणाला. दादाच्या तोंडून 'असणार' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. मी घरी येऊन जाड काळ्या पेनानं मोठं चित्र काढलं, पण तो गुरू रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरसारखा दिसायला लागला.

तेही त्याला दाखवून परतताना गाडीत शहाडच्या पुलावरून खाली उल्हास नदीचं काळपट पाणी दिसत होतं आणि त्यावर कुणीतरी टाकलेली पांढरी फुलं तरंगत होती. मी एकदम सरळ बसले. आपण उलटं काम करतोय. आकाश काळं असतं आणि उजेड पांढरा असतो, आणि मी पांढऱ्यावर काळं काढत बसलेय. गडद जमिनीवर पांढरं काढायचं काम मी आयुष्यभर केलं होतं.

मे महिन्यातल्या संकष्टीला वहिनींना टिटवाळ्याच्या गणपतीला यायचं होतं. दर्शन घ्यायचं, मग आमच्याकडे थांबायचं, चंद्रोदय झाला की उपास सोडायचा, असं ठरलं. त्या दिवशी चंद्र बऱ्याच उशिरा उगवणार होता, म्हणजे दिवेलागणीनंतर चांगला वेळ काळोख. मी दुपारी मोदकांचं सारण करून ठेवलं आणि मागचा ओटा धुऊन त्यावर गेरू सारवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंधार पडताच दुर्बीण लावली. पट्टे नीट दिसावेत म्हणून मोठं करून दाखवणारं भिंग लावलं. त्या भिंगात गुरू मोठा दिसतो, पण आकाशाचा तुकडा लहान होतो. उजवीकडे दोन चंद्र, डावीकडे एक. चौथा गुरूच्या मागे गेला असणार.

मग ओट्यावर बसले. आधी तीन ठिपके, अंतरं गुरूच्या रुंदीनं मोजून. मग ताटलीएवढा गुरू, वर-खाली किंचित दबलेला. चिमटीतून रांगोळी भुरभुरत तो भरला, कडेला विरळ, मध्ये दाट, आणि पट्ट्यांच्या जागी खालचा गेरू दिसू दिला. पेन्सिलीनं जे कधी जमलं नव्हतं ते बोटांनी आपोआप होत होतं, आणि मी कितीतरी दिवसांनी कामात सगळं विसरून गेले. पूर्ण झाल्यावर डावीकडे आणखी एक ठिपका ठेवायची फार इच्छा झाली. हात मांडीखाली दाबून ठेवला.

दादा आणि वहिनी देवळातून आले तेव्हा वहिनी गर्दीनं आणि उपासानं थकल्या होत्या. त्या आत खुर्चीवर बसल्या. ह्यांनी दादाचा हात धरून त्याला मागे आणलं. मी बॅटरीवरचा लाल कागद काढून उजेड ओट्यावर धरला. दादानं मान तिरकी केली, मग दुसरीकडे केली, मग हळूहळू ओट्याच्या कडेनं चालत गेला.

"दबलेला आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दिसतंय मला. दोन पट्टे. वरचा जाड."

आतून वहिनी म्हणाल्या, "कोंबडीसारखी मान काय करताय, पडाल." दादानं लक्ष दिलं नाही.

"तीनच? चौथा कुठाय?"

"मागे गेलाय."

"बघितलास?"

"मागे गेलेला कसा बघणार?"

"मग मागे गेला हे कुणी सांगितलं?"

"तीनच दिसतात, म्हणजे चौथा मागे असणार."

"असणार?" दादा म्हणाला.

मला त्याच्या चेहऱ्यावर तो जुना भाव दिसला, कारखान्यातून घरी आल्यावरही तासभर टिकणारा. समोर आलेली वस्तू तपासल्याशिवाय पुढे सोडायची नाही, हा. त्यानं हात पुढे केला आणि विचारलं, "स्टूल कुठाय?"

मी स्टूल दुर्बिणीजवळ सरकवलं. पृथ्वी फिरते तसा नळीतून सरकत गेलेला गुरू परत मधोमध आणला आणि बाजूला झाले. दादानं नळी चाचपली, चष्मा काढून खिशात घातला, डोळा लावला. ह्यांनी रॅकेट खाली ठेवली. मला भीती वाटत होती की मी हे काय करून बसले. तो उठून आत गेला तर पुन्हा कधीच या स्टुलावर बसणार नव्हता.

"गुरू नाही दिसत," दादा म्हणाला. "मधलं सगळं पुसलंय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब ना," तो म्हणाला. "हात काढ, हलतंय." मग बराच वेळ नुसता बसून राहिला. "कडेला एक आहे. एकदम कडेला, उजव्या टोकाला. बारीक."

"कडेला काही नाहीये रे."

"तू बघ."

त्याला उठवून मी डोळा लावला. मधोमध गुरू, दोन पट्टे, जवळचे तीन चंद्र. नजर मुद्दाम उजव्या कडेवर नेली. तिथे, आकाशाचा तुकडा जिथे संपतो त्या काठावर, एक ठिपका होता. चौघांतला सगळ्यांत लांबचा चंद्र. मी संध्याकाळभर पट्टे बघत बसले होते. मधलं इतकं छान दिसत असताना कडेला बघायचं मला सुचलंच नव्हतं. दादाला मधलं काही दिसतच नव्हतं, आणि म्हणून त्याला तो माझ्या आधी दिसला.

"आहे," मी म्हणाले. रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम येऊ दिलं.

"गुरूच्या रुंदीच्या किती पट लांब आहे?"

मी अंदाज सांगितला. दादा ओट्यावर चढला, एक पाऊल म्हणजे एक गुरू असं धरून पावलाला पाऊल लावत उजवीकडे निघाला. ओटा संपला, गेरू संपला, तो खाली मातीवर उतरला आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी जाऊन थांबला. "रांगोळी दे." मी त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. त्यानं वाकून ठिपका ठेवला. ठिपका कसला, छोटा ढीगच झाला, आणि जरा वाकड्या जागी.

"दादा, मी तिथे गेरू लावून देते. नीट करू या."

"नीटच आहे. तिथेच आहे तो." मग कंबर सरळ करत ओट्याच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "आता पास."

उजवीकडे तीन, डावीकडे एक, आणि त्या तिघांतला एक चित्राबाहेर झाडाखाली. इतकी वाकडी रांगोळी मी आयुष्यात घातलेली नाही. वहिनींनी खिडकीतून बघून विचारलं, हे अर्धवट का ठेवलंय, आणि दादानं त्यांना उभं करून सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, समजलं, आता माझा चंद्र उगवला का तेवढं बघा, मला भूक लागलीय. त्यांचा चंद्र उगवायला अजून अवकाश होता. तोपर्यंत दादा स्टुलावरून उठला नाही, मी मोदक वळायला आत जाऊन बाहेर आले तरी तिथेच. त्याला दर थोड्या वेळानं ह्यांना सांगून गुरू मध्ये आणून घ्यावा लागत होता, आणि आमचे हे न कुरकुरता आणून देत होते.

जेवणं झाल्यावर रिक्षात बसताना दादानं माझा हात धरला. दुर्बीण परत मागतो की काय, असं मला वाटलं. मी आनंदानं दिली असती.

"इथेच असू दे," तो म्हणाला. "मी शनिवारी येतो. मधलं तू बघ, कडेचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटा झाडला आणि धुतला. झाडाखालचा ठिपका तेवढा राहू दिला, शनिवारी त्याला जागा पुन्हा तपासायची असेल म्हणून.